डिकीतला गुरुवार

दोन हजार तीन साली धोंडीराम नात दिशाला घेऊन नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात एक जुनी फियाट बघायला गेले. बारा वर्षांपूर्वी त्यांनी आपली आकाशी फियाट विकली होती आणि कागदपत्रंही तिच्याबरोबरच गेली होती. ही तीच असेल तरच घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पण ही तर पांढरी होती, नंबरही गुजरातचा.

दिशाने डिकीतली चटई उचलली. खाली आकाशी रंग होता. पण आकाशी फियाट तेव्हा नाशकात कितीतरी होत्या.

"आबा, इथे पिवळ्या रंगाने लिहिलंय, 'गुरुवार १०-४०'!"

"कंपनीचा कोड असतो तो," मेकॅनिक म्हणाला.

"कंपनी मराठीत कशाला लिहील?"

आबा हसले. "बरोबर. मग कोणी लिहिलं असेल? घाई नको, विचार कर."

"शोरूमवाल्यांनी?"

"हं. आणि वेळ कशाची?"

दिशा आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. आबांना मात्र गाडी घेतली त्या दिवशी मळ्यातल्या झेंडूचा हार मांडीवर घेऊन शोरूममध्ये बसलेली आपली आई, चतुराबाई, दिसली. "मुहूर्ताआधी चाक हललं तर मी गाडीत बसायची नाय," असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. कोणी चुकून गाडी बाहेर काढू नये म्हणून तिथल्या माणसाने ती वेळच उघड्या डिकीत रंगवून ठेवली होती.

"आपलीच आहे गं," आबा म्हणाले.

"मग आज न्यायची? मुहूर्त?"

"तुझ्या पणजीने काढलेला आहे की डिकीत. तोच चालेल."