शून्य सेकंद

"ही अकरा टास्क शुक्रवारी बंद करायची," मॅडमनी यादी टेबलावर सरकवली. "महिनाभरात एकानंही प्रोसेसरचा एक सेकंद खाल्लेला नाही. नुसती जागा अडवून बसलीत."

मीटरनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला. ऑफिसात त्याला सगळे मीटरच म्हणत. मेनफ्रेमच्या, म्हणजे ऑफिसच्या त्या मोठ्या संगणकाच्या, पोटात कुठलं काम किती सेकंद खातंय, किती मेमरी अडवतंय, हे तो सव्वीस वर्षं मोजत होता. त्यातली बरीच कामं, म्हणजे ही टास्क, कुणी माणूस सुरू करत नाही. मशीन चालू झालं की तीही चालू होतात आणि मागे मुकाट चालत राहतात.

मॅडम नव्या होत्या, हुशार होत्या, आणि चूकही हुशार माणसाचीच होती. टास्क संपलं की मशीन त्याची नोंद लिहितं. जे संपतच नाही, त्याची नोंद मधेमधे घे म्हणून मशीनला वेगळं सांगून ठेवावं लागतं. गेल्या महिन्यात सेटिंगची साफसफाई झाली तेव्हा नेमकं ते सांगणं उडालं, आणि चालू टास्कांपुढे शून्य दिसू लागलं. मीटरनं त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र दिलं होतं. ते कुणी उघडलंही नसावं, आणि त्याला आता त्याचा रागही येत नव्हता.

यादीखाली आणखी एक कागद होता, त्याच्या स्वतःच्या कामाचा फॉर्म. वर्षभरात पूर्ण केलेली कामं किती, एवढा एकच रकाना. ज्यांचा रकाना रिकामा, त्यांची जागा पहिल्या तारखेपासून रद्द. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिची औषधं, दिवसभर तिच्यापाशी बसणाऱ्या मावशी, सगळं या नोकरीवर चाललेलं.

त्यानं आधी यादी हातात घेतली. जेवणाच्या सुट्टीत कुणी काही छापत नाही, म्हणून प्रिंटरवर लक्ष ठेवणारं टास्क त्यानं मॅडमच्या देखत थांबवलं. थांबताक्षणी नोंद आली. मशीन शेवटचं चालू केल्यापासूनचे, पाच महिन्यांचे सगळे सेकंद एकदम, सहा आकडी.

मॅडमनी तो आकडा दोनदा वाचला. मग पेन घेऊन त्यांनी पूर्ण यादीवर काट मारली.

"वाचवलंत तुम्ही. शुक्रवारी सगळं ठप्प झालं असतं आणि माझं काही खरं नव्हतं."

मीटरनं टास्क पुन्हा चालू केलं. मग घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, तो माझा फॉर्म..."

"भरून द्या ना आजच. पूर्ण केलेलं तेवढंच लिहा हं, वरून कडक सूचना आहेत." त्यांचं लक्ष परत स्क्रीनकडे गेलं होतं.

तो जागेवर येऊन बसला. सव्वीस वर्षांत मशीन एकदाही अडू दिलं नाही, हे काम कुठल्या तारखेला पूर्ण झालं म्हणून लिहायचं? आजचं लिहावं, असं एकदा मनात आलं. पण आज तरी काय झालं होतं? जे चालू होतं ते चालूच राहिलं होतं. आयुष्यभर त्यानं मोजला तेवढाच आकडा लिहिला होता. त्यानं रकान्यात शून्य लिहिलं, खाली सही केली आणि कागद मॅडमच्या ट्रेमध्ये ठेवला. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त दमल्यासारखं वाटलं.

तो घरी पोचला तेव्हा मावशी चपला घालून निघण्याच्या तयारीत होत्या. पहिल्या तारखेपासून येऊ नका, असं त्यांना सांगायचं होतं; उद्या सांगू म्हणून तो बाजूला झाला.

आईनं पडल्यापडल्या रोजचंच विचारलं, "संपलं का रे काम?"

रोज तो म्हणायचा, उरलंय थोडं. आज त्यानं खुर्ची पलंगाशी ओढली, औषधाची बाटली हलवली.

"संपलं, आई."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "किती दिवस चाललं होतं."

त्यानं चमचा काठोकाठ भरला आणि सांडू न देता तिच्या ओठांपर्यंत नेला.