चौदा सेकंद

“मामा, इथे सही करा फक्त,” सोलर कंपनीची इंजिनियर मुलगी म्हणाली आणि तिने हातातला टॅब पुढे धरला. “बोटानेच करायची. पेन लागत नाही.”

मामांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. पडद्यावर एकाखाली एक बारा ओळी होत्या आणि प्रत्येकीसमोर हिरवी खूण. त्यांनी ओठ हलवत एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. नवव्या ओळीपाशी बोट थांबलं.

“ही कधी केली?”

“कुठली?”

“‘मुख्य वीज बंद करून प्रत्यक्ष चाचणी.’ मी सकाळी सातपासून इथं बसलोय. मुख्य स्विचला कुणी हात लावलेला नाही.”

मुलगी हसली. वाईट नव्हती ती. तीन आठवडे दोघं याच खोलीत काम करत होती, आणि डबा आणला नसेल त्या दिवशी ती मामांच्या डब्यातलं हक्काने खात होती. “अहो, ही सिस्टीम दर तासाला स्वतःच स्वतःला तपासते. खरोखर वीज घालवायची गरज नसते. शिवाय उद्या उद्घाटन आहे. वर वॉर्डात धावपळ नको म्हणून मोठे डॉक्टरच म्हणाले, राहू दे.”

“मग खूणपण राहू दे.”

“मामा...”

“मी सही नाही करणार, ताई.”

ते हे मोठ्याने बोलले. ते सगळंच मोठ्याने बोलत. सत्तावीस वर्षं डिझेल जनरेटरशेजारी काढल्यावर कान निम्मे गेले होते. “घरात बोलताय, इंजिनाशी नाही,” असं बायको दिवसातून एकदा तरी ऐकवायचीच.

हॉस्पिटलात त्यांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. ते जनरेटरवाले मामा. मागच्या अंगणातली पत्र्याची शेड, तिच्यातलं ते हिरवं धूड, आणि धुडाशेजारी लोखंडी खुर्चीवर मामा. गावातली वीज गेली की मशीन सुरू करायचं, आवाज एका सुरात आला की मोठा खटका उलटा पाडायचा, की वर सगळीकडे दिवे. याला चौदा सेकंद लागत. नव्या माणसाला वीस-बावीस लागत, मामांना चौदा. तेवढा वेळ वरच्या मजल्यांवर सगळे जागच्या जागी थांबत. कात्री धरलेला हात थांबे, जिन्यावरचा पाय थांबे. मग खालून धडधड सुरू झाली की कुणीतरी म्हणायचं, “आले मामा.”

आता छतभर निळ्या-काळ्या सौरपट्ट्या बसल्या होत्या. शेडच्या एका बाजूला भिंत घालून थंड खोली केली होती आणि तिच्यात चार पांढरी कपाटं उभी होती. त्यांत बॅटऱ्या. त्यांना ना धूर, ना वास, ना आवाज. हिरव्या मशीनच्या तारा कालच सोडवल्या होत्या. सोमवारी क्रेन येऊन ते भंगारात नेणार होती.

तासाभराने मोठे डॉक्टर स्वतः खाली आले. या हॉस्पिटलात येऊन त्यांना सहाच वर्षं झाली होती.

“काय मामा, रुसलात म्हणे?”

“रुसायला काय मी नवरदेव आहे, साहेब? चाचणी करा, सही करतो.”

“कंपनी दहा वर्षांची हमी देते आहे. आणि तुम्ही चार महिन्यांत रिटायर होणार. कशाला उगाच डोक्याला ताप?”

“सही माझी आहे ना?”

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने पायाकडे पाहिलं. “आणि वीज घालवल्यावर वर काही झालं तर?” डॉक्टरांनी विचारलं.

“म्हणून तर आत्ता करायची. आत्ता आपण सगळे जागेवर आहोत, मोठी लाइन एका खटक्यात परत आणता येते. जेव्हा खरी जाईल तेव्हा ती विचारून जाणार नाही.”

डॉक्टर घड्याळ बघून म्हणाले, “चार वाजता. तेव्हा ऑपरेशन नाहीये कुठलं. पाच मिनिटं. त्याच्या वर एक मिनिट नाही.”

चारला दहा कमी असताना मामांनी हात धुतले, मुलीला स्विचपाशी उभं केलं आणि म्हणाले, “मी वरून फोन करतो. ‘पाडा’ म्हटलं की पाडायचा.”

“वर कुठे?”

“बाळांच्या वॉर्डात.”

मागच्या जिन्याने ते वर निघाले. या जिन्याने ते दारापर्यंत शेकडो वेळा आले होते. बल्ब बदलायला, पंख्याला तेल द्यायला. आत मात्र मदतनिसाला पाठवायचे आणि स्वतः शिडी धरून बाहेर उभे राहायचे. आत जाऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली होती.

तेव्हा तो वॉर्ड लहान होता. काचेच्या तीनच पेट्या, आणि श्वास देणारं यंत्र एकच. त्या यंत्रावर सातव्या महिन्यात जन्मलेलं, तळहातावर मावेल एवढं एक बाळ होतं. त्याची आई तीन दिवस तीन रात्री पेटीशेजारच्या स्टुलावर बसून होती. उन्हाळ्याची दुपार. मामांनी त्या दिवशी मशीनची डिझेलची जाळी बदलली होती. रोज तीन वाजता मशीन दहा मिनिटं चालवून बघायचं आणि वहीत लिहायचं, असा नियम. ते सुरू करणार, तेवढ्यात वरच्या खिडकीतून एक नर्स वाकली. नोकरीला लागून तीन महिने झालेली, कोवळी पोर.

“मामा, आज नका ना लावू मशीन. त्या बाईंचा आत्ता कुठे डोळा लागलाय. तीन दिवसांनी.”

मामांनी वर बघून मान हलवली. मग वही उघडली आणि लिहिलं: दुपारी तीन, दहा मिनिटं चालवलं, ठीक.

सव्वापाचला वीज गेली. मामांनी बटण दाबलं. मशीन खर्र खर्र करत राहिलं, पेटेना. जाळी बदलताना डिझेलच्या नळीत हवा राहिली होती. तीन वाजता दहा मिनिटं चालवलं असतं तर ते तेव्हाच कळलं असतं. त्यांनी नळी सोडली, हवा काढली, पुन्हा बसवली, पुन्हा दाबलं. तोवर बटणाची बॅटरी उतरली. रुग्णवाहिकेची बॅटरी काढून आणून मशीन सुरू होईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. वर ती पोर रबरी फुगा हाताने दाबून बाळाला श्वास देत होती.

बाळ सातला गेलं.

चौकशीत वही पाहिली गेली. वहीत सगळं ठीक होतं. डिझेलमध्ये कचरा असणार, असं ठरलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा बाळाचं काय सांगावं, कदाचित तसंही गेलं असतं. मामांना कुणी एक शब्द बोललं नाही, उलट घामाने निथळत काम केलं म्हणून कौतुकच झालं.

तेव्हापासून रस्त्यात कुणाची गाडी खर्र खर्र करून सुरू झाली नाही की मामा जागीच उभे राहत. ती पेटून निघून गेल्याशिवाय त्यांना पुढे पाऊल टाकता येत नसे. एकदा लेकीच्या लग्नाची खरेदी करताना भर बाजारात असे उभे राहिले, की बायकोने पाणी पाजून त्यांना सावलीत बसवलं. घरची वीज गेली की ती मेणबत्ती शोधायची आणि हे अंधारात पुटपुटत आकडे मोजायचे. काय मोजता, असं तिने सुरुवातीला विचारलं. पुढे सोडून दिलं.

आता बाळांच्या वॉर्डात अकरा पेट्या होत्या. दारातच मोठी सिस्टर भेटली. केस अकाली पांढरे झालेले, चष्म्याला साखळी. तिने मामांना बघितलं आणि हातातला कागद टेबलावर ठेवला.

“आत येताय?”

“हो.”

तिने कपाटातून पायांत चढवायच्या निळ्या पिशव्या काढून दिल्या. खिडकीशेजारच्या पेटीपाशी नेलं. “सगळ्यात छोटं हे आहे,” ती म्हणाली. मामांनी विचारलं नव्हतं.

नळ्यांच्या जाळ्यात एक छाती वरखाली होत होती. टेबलावर, हाताशी, तिने रबरी फुगा काढून ठेवलेला मामांना दिसला. दुसऱ्या नर्सच्या हातातही एक होता.

मामांनी फोन लावला. “पाडा.”

त्यांनी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. यंत्रावरची रेघ चालली होती. तीन. दिवा तसाच होता, पंखा तसाच होता. पाच. सहा. छाती वर गेली, खाली आली. मुलीने अजून पाडला नसेल, ऐकू गेलं नसेल. नऊ.

“ताई, पाडा म्हटलं ना मी.”

“पाडलाय, मामा.” फोनमधून आवाज आला. “तुम्ही म्हणालात तेव्हाच पाडला.”

बारा. तेरा. चौदा.

काहीच झालं नव्हतं. कुणी थांबलं नव्हतं. कोपऱ्यात एक आई बाळाचं दुपटं घडी करत होती, तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. मामांनी पेटीला हात लागू नये म्हणून भिंत धरली. पाच मिनिटं ते तसेच उभे होते. मग फोनमध्ये “बास, आणा लाइन” म्हणाले, आणि लाइन आली तेव्हाही वर कुणाला काही कळलं नाही.

सिस्टर त्यांना बाहेर बाकावर घेऊन आली. पाणी दिलं.

“तुम्हीपण मोजत होता,” मामा म्हणाले.

“तुमच्यासारखीच.”

सिस्टर बाकावर त्यांच्याशेजारी बसली. मग ती म्हणाली, “मी सांगितलं होतं तुम्हाला, मशीन लावू नका म्हणून.”

“मशीन लावू नका म्हणालात. वहीत खोटं लिहा असं नव्हतं म्हणालात.”

“चौकशीत मी तोंड उघडलं नाही.”

“मीपण नाही.”

“त्या बाई भेटतात मला कधी बाजारात. नंतर दोन मुलं झाली त्यांना, मोठी आहेत आता. मागे एकदा माझा हात धरून म्हणाल्या, सिस्टर, त्या दिवसातलं एवढंच बरं आठवतं बघा, तुम्ही मला दोन तास झोपू दिलंत.” सिस्टरने साखळीशी चाळा केला. “मी भाजीची पिशवी तिथेच ठेवून घरी आले.”

मामांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “डॉक्टर म्हणाले होते, कदाचित तसंही गेलं असतं.”

“म्हणाले होते.”

“तुम्हाला काय वाटतं?”

तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं. खोटं बोलायचं असतं तर ते याच वेळी, आणि तिला ते जमलंही असतं. “फुगा माझ्या हातात होता, मामा. ते झगडत होतं.”

मामांनी मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याशी खरं बोललं होतं. बरं मात्र वाटलं नाही.

खाली मुलगी टॅब घेऊन वाट बघत होती. “झालं ना समाधान? आता खूण ठेवू?”

“ठेवा.” त्यांनी बोटाने सही केली. वाकडी आली.

“मामा, एक विचारू? एवढा हट्ट का केलात?”

“मी एकदा न करता लिहिलं होतं,” मामा म्हणाले.

टॅब घेऊन ती दारापर्यंत गेली, उभी राहिली, आणि परत आली. पडद्यावर बोट फिरवून तिने आणखी दोन ओळींसमोरच्या खुणा पुसल्या. “या दोन राहिल्यात,” ती मान खाली घालून म्हणाली. “तुमची सही पुन्हा लागेल.” त्या दोन चाचण्या करता करता त्यांना साडेसहा वाजले.

उद्घाटन झालं. फीत कापली गेली, फोटो निघाले. सोमवारी क्रेन आली आणि ते हिरवं धूड हवेत लोंबकळत अंगणाबाहेर गेलं. खाली तेलाने काळी झालेली जमीन राहिली. रखवालदाराने विचारलं, इथे झाडं लावू का? मामा म्हणाले, “काही वर्षं तरी काही उगवणार नाही तिथं.”

मग सगळे गेले. मामा लोखंडी खुर्ची घेऊन पांढऱ्या कपाटांच्या खोलीबाहेर बसले. करायला काही नव्हतं. चार महिने नुसतं बसायचं होतं. अंगणात कधी नव्हती एवढी शांतता होती.

तेव्हा त्यांना तो आवाज आला. आधी वाटलं, कान वाजतायत. बारीक, चिरका, थांबून थांबून येणारा. त्यांनी मान वर केली. वॉर्डाची खिडकी अर्धी उघडी होती. आत एक बाळ रडत होतं. हा वॉर्ड सत्तावीस वर्षं त्यांच्या डोक्यावर होता आणि खाली कान सतत मशीनकडे लावून बसल्यामुळे एका बाळाचं रडणं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

ते ऐकत बसले. मध्येच रडणं थांबलं.

मामा खुर्चीवरून उठले. खिडकीखाली जाऊन, बरा असलेला कान वर करून, श्वास रोखून उभे राहिले. वर पावलं वाजली, कुणीतरी काहीतरी बोललं. मग ते पुन्हा रडायला लागलं, आधीपेक्षा जोरात.

मामा परत येऊन खुर्चीवर बसले.