बरोबरीची घंटा

ओहायोतल्या त्या कॉलेजात फुटबॉलचा सामना जिंकला तरच मनोऱ्यातली घंटा वाजवायची रीत होती. तीन वर्षं ती मुकी होती. १९५३ च्या मोसमातही संघ आठ सामने हरला. शेवटचा शून्य-शून्य बरोबरीत सुटला. संघातल्या व्हर्लिनचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष. खाली गावात त्याची आई दर शनिवारी, सामन्याच्या दिवशी, खिडकी उघडून कान लावून बसायची.

"कोच, वाजवू?"

"बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे, लेका. नियम आहे."

"खड्ड्यात गेला नियम! हरलो तर नाही ना?"

त्यानं मनोऱ्यात जाऊन घंटेचा दोर हिसडला. कुजलेला दोर तुटून हातात आला.

घरी खिडकी उघडीच होती.

"वाजली का रे? मला ऐकूच आली नाही."

"वाजली, आई. वारा उलटा होता."