तळची

चैत्राची दुपार होती. पळसाचा पेटता उत्सव नुकताच विझला होता आणि गळून पडलेल्या फुलांचे कोमेजलेले केशर कोळशाच्या काळ्या धुळीत मिसळून जात होते. वर तापलेल्या तांब्याचे आकाश, खाली राखेच्या रंगाचा माळ, आणि त्या दोहोंच्या मध्ये शिरपाळ नावाचे खाणगाव, अर्धे रिकामे आणि अर्धे निघण्याच्या तयारीत.

एके काळी या गावाला तीन भोंगे होते. तिन्ही पाळ्यांना ते एकापाठोपाठ एक गर्जत आणि रस्त्यारस्त्यांतून कोळशाने माखलेली, घामाने चमकणारी, हसणारी, भांडणारी माणसांची नदी वाहू लागे. आता एकच भोंगा उरला होता, तोही घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. चाळींना कुलपे होती, कुलपांना गंज होता, आणि बाजाराच्या ओट्यांवर रुईची झाडे निवांत फुलत होती.

तिरप्या वाटेने पायी आत उतरायच्या त्या शेवटच्या उताराच्या खाणीत चाळीस माणसे तेवढी कामावर होती. कोळसा कोणी काढत नव्हते. आत झिरपणारे पाणी उपसत राहायचे, वरून बंदीचा हुकूम येईपर्यंत खाणीला बुडू द्यायचे नाही, एवढेच काम.

खाणीच्या तोंडाशी बत्तीघर होते आणि बत्तीघराच्या खिडकीत मंजुळा निखाडे बसे. तिचा बाप याच खाणीत छत कोसळून गेला. त्याच्या जागी लेकीला हे काम मिळाले. बावीस वर्षे ती कामगारांच्या टोपीवरच्या बत्त्या पुसत होती, कमरेच्या बॅटऱ्या भारत होती, आणि अंधारात उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाती त्याच्या वाट्याचा उजेड ठेवत होती.

त्या माणसांतलाच एक तिचा नवरा, दौलत. पंप खलाशी. सर्वांत खोल, सर्वांत जुन्या भुयारी गल्लीच्या टोकाला असलेला पंप तो एकटा सांभाळी. उंच, वाकलेला, अबोल माणूस. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो जितके बोलला, तितके पुढच्या एकवीस वर्षांत बोलला नाही. पण बत्ती घेताना तो तिचे बोट क्षणभर धरून ठेवी. मंजुळा त्या क्षणावर दिवस काढी. तीच त्याची चिठ्ठी होती, तोच त्याचा गजरा होता.

गेल्या दिवाळीपासून ते बोट धरणे थांबले.

त्याच सुमारास गावात मौन उतरू लागले. आधी खाणीच्या तोंडाशी झोपणारी कुत्री भुंकेनाशी झाली. मग माळावर चरणाऱ्या बकऱ्या घरी परतल्या, दाराशी उभ्या राहून त्यांनी तोंडे उघडली, आणि त्या उघड्या तोंडांतून काहीच बाहेर पडले नाही. मग एका सकाळी चौकीदार सुखदेव मेश्राम उताराच्या पायरीवर बसलेला सापडला. अंगावर ओरखडा नव्हता. डोळे उघडे होते, श्वास चालू होता. बायकोने हलवले तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिले, जसे माणूस ओस पडलेल्या घराकडे पाहतो. तिचे नाव त्याच्यापाशी नव्हते. स्वतःचेही नव्हते.

नळावरच्या बायकांनी त्या न दिसलेल्या संकटाला नाव दिले. तळची. तळाशी राहणारी ती तळची.

स्त्रीलिंगी नाव. मंजुळाच्या काळजात ते कुसळासारखे रुतले.

कारण दौलत बदलला होता. पाळीवरून परतताना त्याचे खांदे हलके असत, ओझे उतरवून आलेल्या हमालासारखे. डोळ्यांत ओलसर, तृप्त, दूरची चमक असे. अंगाला ओल्या दगडाचा वास येई. तो जेवे, भिंतीकडे पाही, आणि त्याच्या ओठांवर कोणाशी तरी नुकत्याच संपलेल्या दीर्घ संभाषणाची सावली रेंगाळत असे. मंजुळाला ती सावली ओळखता येत होती. बावीस वर्षे ती त्या सावलीचीच वाट पाहत होती.

एके दिवशी ताट वाढताना तिने विचारले, "कोनाशी बोलून राह्यले तुमी खाली?"

दौलतने भाकरीचा तुकडा मोडला.

"कोनाशीच नाही."

"खोटं नका बोलू जी. सारं गाव म्हन्ते."

"ती आयकते, मंजुळा," तो हळूच म्हणाला.

"अन् मी?"

"तू इचारते."

त्याने तुकडा तोंडात घातला. मंजुळाने कढीचा चमचा पातेल्यात टाकला आणि हळदीचे पिवळे थेंब जमिनीवर उडाले. त्या क्षणी तिला भय वाटायला हवे होते. जिने एका माणसाला जिवंतपणी रिकामे केले, ती तिच्या नवऱ्याचे ऐकत होती! पण भयाच्या आधी मत्सर आला. काळा, चकाकता, ज्वालाग्राही मत्सर. तिच्याकडे काय आहे? रूप आहे? तरुणपण आहे? तिला कान आहेत, एवढेच ना? मग माझे कान कुठे गेले होते?

मत्सर कोळशासारखा असतो. युगानुयुगे दबून राहतो, थंड असतो, हाताला काळे करतो, आणि एकदा पेटला की आतल्या आत वर्षानुवर्षे जळतो.

त्या चैत्रातल्या दुपारी दौलत बत्तीघराच्या खिडकीशी आला. घाईत होता. भेटीला निघालेल्या माणसाची ती घाई होती. त्याने तिच्याकडे न पाहता हात पुढे केला, आणि मंजुळाने त्याची भारलेली बत्ती फळीवरच राहू दिली. तिने त्याला दुसरी दिली, अर्धीमुर्धी भारलेली, शेवटच्या गल्लीपर्यंत पोहोचता पोहोचता विझणारी.

त्याचा जीव घ्यावा, असे तिच्या मनात नव्हते. वाट त्याला पायाखालची होती, पाण्याच्या पाइपाला हात लावत तो डोळे मिटूनही परत आला असता. फक्त आज भेट होऊ नये. आज उजेड सरावा, आज त्याने अर्ध्या वाटेवरून फिरावे, आज त्या तळच्या बाईने वाट पाहावी. वाट पाहणे काय असते, ते तिलाही एकदा कळावे.

दौलत उतारावर दिसेनासा झाला. घटका गेली. उन्हाची तिरीप फळीवर सरकत आली.

तेवढ्यात बुधाजी आत्राम खिडकीशी आला. खाणीचा सर्वांत जुना सरदार, पाळीवरच्या माणसांचा मुकादम. पन्नास वर्षे पाळ्या सांभाळून गुडघे गेलेला, काठीवर झुकलेला. फळीवरच्या बत्तीकडे त्याचे लक्ष गेले.

"दौलतची बत्ती इथंच काहून व, पोरी?"

 मंजुळाने खाली मान घालून सगळे सांगितले.

बुधाजीने काठी खिडकीच्या फळीवर आपटली. "अवो, काय केलं हे! जुने लोक सांगत, उजेड हाय तोवर तळची दूर राह्यते. थेंब थेंब घेते. उजेड गेला का जवळ येते अन् सारंच घेते."

"काय घेते?"

"बोलनं. जे तिले सांगतलं, ते मानसात राह्यत नाही. सुखदेव काय मुका झाला का? त्यानं अंधारात सारं सांगून टाकलं तिले. आता त्याच्यात काही उरलंच नाही."

मंजुळाने दौलतची बत्ती उचलली. शिरपाळच्या खाणीत आजवर कोणी बाई उतरली नव्हती. बुधाजीने तिला अडवले नाही. बत्तीची टोपी तिने डोक्यावर चढवली, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "तिच्यापुढं तोंड उघडू नको. एक शब्द बोलू नको."

उतार सुरू झाला आणि दिवस मागे राहिला.

आधी पांढरा उजेड गेला, मग राखाडी, मग उजेडाची आठवणही गेली. दोन्ही बाजूंना कोळशाच्या भिंती, ओल्या, काळ्या, श्वास रोखून उभ्या. माथ्यावर कुजलेल्या लाकडांचे टेकू. पायांखाली घोट्याएवढे पाणी. बत्तीचा पिवळा झोत पुढे पुढे जात होता आणि त्याच्या मागोमाग मंजुळा, एका हाताने पाइप धरून, दुसऱ्याने पदर तोंडावर दाबून. बाप याच काळोखात गेला होता. नवराही याच काळोखात होता. आणि या वेळी त्याला तिथे तिनेच लोटले होते.

मग तिला पंपाची घरघर ऐकू आली. आणि त्या घरघरीवर तरंगणारा एक आवाज.

दौलत बोलत होता.

तिने तळहात बत्तीवर धरला. बोटांच्या फटींतून निसटलेल्या लालसर उजेडात तिने पाहिले.

पंपाच्या चौथऱ्यावर तो बसला होता, विझलेल्या बत्तीची टोपी मांडीवर घेऊन. आणि त्याच्याभोवती ती होती. गल्लीएवढी रुंद, गल्लीएवढी लांब, वेटोळे घालून बसलेली. कातडी ओल्या कोळशाची, तुकतुकीत. तिला डोळे नव्हते, दात नव्हते. होते एक प्रचंड, मऊ, किंचित उघडे मुख, दौलतच्या ओठांपासून वीतभर अंतरावर धरलेले, तान्ह्या बाळाच्या तोंडासारखे भुकेले. तिच्या पोटावरून लाटा सरकत होत्या, आणि प्रत्येक लाटेतून क्षीण आवाज उमटत होते. एक बकरी, एक कुत्रे, आणि सुखदेव मेश्रामचे ते गावभर ओळखीचे खोकत हसणे.

मंजुळाचे पाय पाण्यात गोठले. पण तिचे कान, ते उपाशी कान, जागे होते.

दौलत आईविषयी सांगत होता, भरल्या घरात ती उपाशी झोपायची त्याविषयी. खाण बंद होणार म्हणून वाटणाऱ्या लाजेविषयी सांगत होता. घरात मूल नाही, त्याचे दुःख तो सांगत होता. बायकोला दिसू नये म्हणून न्हाणीत पाणी सोडून आपण रडलो, ते सांगत होता. एक एक गोष्ट ओठांवरून निघे, त्या मऊ मुखात शिरे, आणि दौलतचा चेहरा एक एक रेष कोरा होत जाई.

हे सगळे माझे होते, मंजुळाच्या मनात आक्रोश उठला. ती आई, ती लाज, ते न्हाणीतले रडणे. बावीस वर्षांची माझी ठेव, आणि हा ती एका पशूच्या तोंडात ओततो आहे!

मग तो थांबला. आणि वेगळ्याच, कोवळ्या आवाजात म्हणाला, "अन् माही बायको, मंजुळा..."

आता. याच क्षणी बत्तीवरचा हात काढायला हवा होता. तो तळचीला सांगून टाकणार होता. सांगितलेले त्याच्यात उरणार नव्हते. मंजुळाला हे पुरते ठाऊक होते.

तिने हात काढला नाही.

ज्या शब्दांसाठी जन्म घालवला, ते चार पावलांवर आले होते. एक वाक्य. फक्त एक. तहानेने मरणारा माणूस पाणी कोणाच्या घड्यातले आहे, हे विचारत नाही.

"मंजुळा हासते ना," दौलत म्हणाला, "तवा मले वाटते, पाळी संपवून वरं आलं का पयलं ऊन लागते तोंडाले, तसं."

तळचीच्या अंगावरून एक दीर्घ, सुखद लाट गेली.

आणि मंजुळाने तळहात बाजूला केला. उजेड सुऱ्यासारखा बाहेर पडला. तळचीचे मुख आक्रसले, वेटोळी सैल पडली, भिंतींवरून कोळशाचे खडे कोसळले. दौलत पुढचा शब्द उच्चारू पाहत होता. मंजुळाने झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात दाबला. मग खाण तळचीसकट बुडावी म्हणून तिने कोपराने पंपाचा खटका खाली ओढला. घरघर थांबली. त्या अफाट शांततेत पाणी चढू लागल्याची पहिली कुजबुज ऐकू आली.

उतारभर तिने त्याला ओढत, ढकलत वर आणले. मागून ती येत होती. उजेडाच्या कडेकडेने, ओल्या पोटावर सरपटत, हळुवार, आर्जवी. आणि तिच्या आतून मंजुळाच्या बापाचा आवाज आला, तेवीस वर्षांपूर्वी तो कोसळल्या छताखाली अंधारात पडला होता तेव्हाचा, "मंजू, कोन हाय व तिथं?" मंजुळाने ओठ दातांखाली धरले. रक्ताची खारट धार हनुवटीवर आली, पण शब्द आला नाही. तिच्या तळहाताखाली दौलतचे ओठ अजून हलत होते, तिच्याविषयीचे काहीतरी सांगत होते. आणि ते तिला ऐकू येत नव्हते.

उताराच्या तोंडाशी ऊन होते. बुधाजी होता. दौलतने डोळे किलकिले केले, चेहऱ्यावर ऊन पडले, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही.

पाणी चढत गेले. पंधरा दिवसांत बंदीचा हुकूम आला आणि खाणीच्या तोंडावर विटांची जाड भिंत उभी राहिली. कुत्री पुन्हा भुंकली नाहीत. सुखदेवला नाव परत मिळाले नाही. चाळी एकेक करून रिकाम्या झाल्या.

दौलत वाचला. तो मंजुळाला ओळखतो, तिच्या नावाने हाक मारतो, आता तर चहा पिताना चार शब्द जास्तच बोलतो. पण कधी ती हसली, तर तो मान वर करून पाहतो. शेजारच्या घरात काही पडले की पाहतो, तसा. मग पुन्हा बशीत फुंकर घालतो.

आणि मंजुळा? कार्तिकातल्या कोवळ्या दुपारी ती माळ ओलांडून जाते. शेजारणींना सांगत नाही, नवऱ्याला सांगत नाही. चोरून भेटीला जाणारीच्या पावलांनी जाते. भिंतीशी बसते. उन्हाने तापलेल्या विटेला कान लावते. खूप वेळ काही ऐकू येत नाही, फक्त पाणी, पाण्यावर पाणी, पाण्याखाली पाणी.

आणि मग येतो तो आवाज, तिच्या नवऱ्याचा, कोवळा, तिला कधीच न मिळालेला. मंजुळा हासते ना, तो म्हणतो. तिचा कान विटेवर आणखी घट्ट होतो, गाल खरचटतो, नखांखाली चुना शिरतो. मंजुळा हासते ना, तळची म्हणते, पुन्हा म्हणते, चघळत, चाटत, पुरवून पुरवून म्हणते; आणि भिंतीच्या या बाजूला, स्वतःच्याच हसण्याची सवत होऊन, एक बाई ऐकत राहते, ऐकत राहते, ऊन उतरेपर्यंत ऐकत राहते.