पस्तीस नंबरची झोप

‘चुगली’ हे नाव धाकटीनंच ठेवलं होतं आणि ते त्या टूलला शोभतही होतं. कुठल्याही प्रोग्रामच्या मागे तिला बसवलं, की तो मशीनच्या मुख्य सिस्टिमकडे काय काय मागतो ते ती मुकाट सांगायची. ही फाईल उघड, ती वाच, हिला पुसून टाक, मला जरा झोपू दे. माणूस एक वेळ खोटं बोलेल पण चुगली बोलायची नाही, असं ऑफिसात म्हणायचे, आणि ते ऐकून धाकटी फुगायची. फुगणारच की! स्वतःच्या हातानं घडवलेलं लेकरू ते.

आज मात्र त्याच लेकरापायी तिचे दाजी, सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा, मॅडमच्या खोलीत जाणार होते आणि नोकरी घालवून बाहेर येणार होते.

ऑफिसचं काम दवाखान्यांनी काढलेले डोळ्यांच्या आतले फोटो सांभाळायचं. आजार किती वाढला हे डॉक्टर जुना फोटो शेजारी ठेवून बघतात, आणि नेमके जुनेच फोटो नाहीसे होत होते. ते पुसायची मुभा दोघांनाच. एक दाजी, कारण साठा त्यांच्या ताब्यात. दुसरा कचरा साफ करणारा प्रोग्राम, ज्याला सगळे झाडूवाला म्हणत. धाकटीनं झाडूवाल्यामागे चुगली लावली. हजार गोष्टींचा गोंगाट नको, म्हणून फक्त पुसणं आणि झोपणं, म्हणजे काम न करता थांबून राहणं, तेवढं दाखव म्हणाली. चुगलीनं दाखवलं, पुसणं एकही नाही, नुसती झोप. तसं तिनं मॅडमना सांगून टाकलं. झाडूवाला सुटला आणि दाजी अडकले.

दुपारी ताईचा फोन आला.

“तुझं ते यंत्र चुकत नाही ना गं कधी?”

“नाही चुकत, ताई.”

“बरं.” आणि ताईनं फोन ठेवला. ना रडली, ना भांडली. चार शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं, असं धाकटीला वाटलं. हातातला घास तिनं डब्यात परत ठेवला.

जिवाला चैन पडेना, तेव्हा तिनं चुगलीनं लिहून ठेवलेला नोंदींचा कागद पडद्यावर पुन्हा उघडला. झोप, झोप, झोप. मेला कुंभकर्ण! आणि मग तिची नजर शेजारच्या रकान्यावर गेली. प्रत्येक झोपेला वेळ लागला होता जवळजवळ शून्य. झोपला की उठला, झोपला की उठला. असं कोण झोपतं? डोळा लागायला तरी काही वेळ लागतो की नाही?

तिनं चुगलीवरचं बंधन काढलं आणि म्हणाली, आता सगळंच दाखव. चुगली भडाभडा बोलायला लागली आणि सगळं वेड्यासारखं. फाईल उघडायच्या जागी झाडूवाला म्हणे नवे प्रोग्राम जन्माला घालतोय, वाचायच्या जागी मशीनला विचारतोय, तुझं नाव काय. धाकटी कपाळावर हात मारून बसली.

प्रोग्राम सिस्टिमकडे काम मागतो ते नावानं नाही, नंबरानं. आणि कुठला नंबर म्हणजे कुठलं काम, हे प्रोसेसरच्या जातीवर ठरतं. गेल्या महिन्यात नव्या जातीची मशिनं आली आणि झाडूवालाही त्यांच्यावरच चालू लागला. चुगलीला त्यांच्यावर चालेल असं करून घेतलं तेही धाकटीनंच, पण चुगलीच्या पोटातली नंबरांची यादी बदलायची राहिली, ती जुन्याच जातीची होती. जुन्या मशीनवर पस्तीस म्हणजे झोपू दे. नव्या मशीनवर पस्तीस म्हणजे ही फाईल काढून टाक.

झाडूवाला झोपत नव्हता. पुसत होता. आणि हे तिला कळत होतं त्या क्षणीसुद्धा पडद्यावर एक पस्तीस उमटला, त्याखाली दुसरा, तिसरा. कोणाच्या तरी डोळ्यांचे फोटो जात होते. तिची बोटं दोनदा चुकली, तिसऱ्यांदा झाडूवाला बंद पडला. मग तिनं यादी बदलली, तोच कागद चुगलीकडून पुन्हा वाचून घेतला, आणि झोपेच्या जागी फाईलींची नावं ओळीनं उभी राहिली. तो कागद छापून घेऊन ती धावली. जिन्यात कोणीतरी म्हणालं, “अगं, हळू.” हळू जायची वेळ होती का ती?

दार न वाजवताच ती आत घुसली. टेबलापाशी मॅडम, समोर दाजी, हात मांडीवर ठेवून.

“मॅडम, दाजींनी काही पुसलेलं नाही. झाडूवाल्यानं पुसलं. माझी चुगली चुकली. म्हणजे मी चुकले.”

मॅडमनी कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मग चष्मा काढून म्हणाल्या, “पण यांनी तर आत्ताच कबूल केलं.”

धाकटी दाजींकडे वळली. “दाजी? न केलेलं कबूल केलंत?”

“आता काय सांगू तुला,” दाजी म्हणाले. “तुझं यंत्र म्हणालं, तो झोपला होता. मग मीच उरलो की. किती आठवून बघितलं, पुसल्याचं आठवेना. म्हटलं, वय झालं, हातून होतंय आणि ध्यानात राहत नाही. आजोबांचंही असंच सुरू झालं होतं.”

“तुम्ही नव्हता, दाजी.”

“मी नव्हतो?”

“नाही.”

“बघ हं नीट. नव्हतो ना मी?”

तिनं मान डोलावली. दाजींनी कागद मॅडमच्या हातून मागून घेतला. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ते एकेका ओळीवर बोट ठेवत खालपर्यंत गेले.

“ताईला फोन लाव,” ते म्हणाले. “तूच सांग. मी सकाळी तिला म्हणून बसलो, की माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. आता मी काहीही सांगितलं तरी तिला खरं वाटायचं नाही.”