गटारात सोडलेलं औषध

शरयूनं काचेची बशी उजेडाकडं धरली आणि खुदकन हसली. मग हसू आवरेचना. सांगलीतल्या त्या दवाखान्यात चार वर्षं ती लोकांचं थुंकी-रक्त तपासत होती, पण असं हसू कधी आलं नव्हतं.

बशीत नाथाजीच्या पायातला पू पेरला होता, वर पाच वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या. चार टिकल्यांना जंतू खेटून बसले होते, लग्नाच्या पंगतीला बसावेत तसे. पाचवीभोवती मात्र लख्ख मोकळं अंगण. शेजारच्या बशीत दवाखान्यामागच्या गटाराचं पाणी, तिथंही तोच तमाशा. सफाई कामगार नाथाजी त्याच गटारात अनवाणी उतरून गाळ काढायचा. पत्रा लागला आणि पाय सडत चालला.

बशी घेऊन ती वॉर्डात धावली. डॉक्टर अनंतराव पाय कापायचा दिवस ठरवत होते.

"साहेब, तुमच्या कॅप्सूल हे जंतू चिरमुऱ्यासारख्या खातायत. गटारातलेसुद्धा."

"गटारात औषध गेलं तर गटार स्वच्छच होईल की, बाई."

"थोडं थोडं गेलं की जंतूंना ते पचायला लागतं. आपण मुदत संपलेली औषधं मोरीतच ओततो. आणि पडशालाही तुमची कॅप्सूल असतेच."

डॉक्टरांनी पाय कापायची तारीख खोडली. चूक अंगावर आली की शिकलेली माणसं लिहायला बसतात. पाचव्या टिकलीचं इंजेक्शन त्यांनी लिहून दिलं. सात दिवसांचं. नाथाजीच्या आईनं, बनुबाईनं, सगळ्या बाटल्या बाजारातून आणल्या.

चौथ्या दिवशी सूज उतरली. पाचव्या दिवशी खाट रिकामी.

शरयू तडक मागच्या गल्लीत गेली. नाथाजी दारात बसून डब्यावर हलगीचा ठेका धरत होता.

"बाई, पाय बघा. लय झ्याक."

"उरलेल्या बाटल्या कुठायत?"

बनुबाईनं पदर सावरला. "आवं, औषध म्हंजी देवच की. पायदळी कसं येऊ द्यायचं? हळदकुंकू वाहिलं आन् आत्ताच चालत्या पाण्यात सोडलं. समदी गल्ली तसंच करती."

"कुठल्या पाण्यात?"

बनुबाईनं गटाराकडं हात केला.

शरयूनं निऱ्या खोचल्या आणि चपला काढायचं भान न ठेवता गुडघाभर गाळात उडी टाकली. गल्ली गोळा झाली. जो तो काठावरून हुकूम सोडू लागला. नाथाजीही उठला.

"तू उतरलास तर तुझा पाय मीच कापीन."

"न्हाई वं. डाव्या अंगाला बघा, पुलाखाली. गाळ तितंच अडतोय. माझ्या हातचं गटार हाय ते."

तिथंच सापडल्या. बुचं शाबूत, कुंकू लागलेलं. शरयू चिखलानं माखून हसत सुटली, तशी बनुबाईही.

"हसू नका," शरयूनंच दम दिला. "ह्या धुऊन, पुसून ह्यालाच टोचणार. शेवटच्या थेंबापर्यंत. अर्धवट सोडलं तर जंतू हेही पचवतील."

टोचल्या. आठव्या दिवशी नाथाजी वॉर्डातून नाचत निघाला, तो थेट सफाईच्या कचेरीत. तिथल्या साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिला.

"दोन पाय हायत," तो म्हणाला. "दोन बूट द्या."