शेवटचं पान आणि हरणाचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. पण गृहपाठाची नव्हे, देवदर्शनाची. जपानमधल्या क्योतो शहरात माझा जन्म झाला. माझी जाड पानं शिवलेली नाहीत, पंख्यासारख्या घड्या घालून जोडलेली आहेत, आणि वर निळ्या रेशमाचं आवरण आहे. देवळात आधी हात जोडायचे आणि मग मला पुढे करायचं. पुजारी कुंचल्याने देवळाचं नाव लिहून वर शेंदरी शिक्का उमटवतात. माणूस गेलं की त्याची वही त्याच्यासोबत शवपेटीत ठेवून निरोप देतात. त्यामुळे माझा शेवट मला पहिल्यापासून ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही.

माझी मालकीण तोमोए आजी. तिचे यजमान कांजीरो यांनी आम्हा दोघींना देवळादेवळांतून फिरवलं. माणूस लाख मोलाचा, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. कुठलं देऊळ कोणी बांधलं, कुठली गाडी किती वाजता, सगळं तेच सांगायचे आणि आजी मान डोलवायची. शेवटी माझं एकच पान उरलं, पाचशे पायऱ्यांच्या डोंगरावरच्या देवळासाठी. पुढच्या शरदात जाऊ, असं कांजीरो म्हणाले आणि त्या उन्हाळ्यातच गेले. मग आजीच्या गुडघ्यांनीही संप पुकारला. नऊ वर्षं मी कपाटाच्या खणात पडून राहिले. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मग वरच्या खोलीत संदुनी राहायला आली. ती श्रीलंकेतल्या मातर गावची, पूल बांधायचं शिक्षण घ्यायला आलेली. वर्षभर तिने कॉलेज आणि खोली याखेरीज काही पाहिलं नव्हतं. सुट्टीत ती फिरायला निघाली, तेव्हा आजीने तीन दिवस विचार केला आणि मला रुमालात बांधून तिच्या हाती दिलं.

"शेवटचं पान भरून आण, पोरी. ही वही घेऊनच मला यांच्याकडे जायचंय."

संदुनी मला जिवापाड जपत होती. नारा शहरात हरणं मोकळी फिरतात; तिथे एका हरणाने तिचा नकाशा खाल्ला, तेव्हा तिने आधी मला उंच धरलं. परतताना तिला स्टेशनात एका टेबलावर हरणाच्या चित्राचा रबरी शिक्का दिसला. आमच्याकडे अशा शिक्क्यांसाठी वेगळी वही असते, हे त्या बिचारीला कोण सांगणार? माझी पाठ, म्हणजे पानांची मागची बाजू, कोरी होती. तिने त्या टेबलासमोर भक्तिभावाने हात जोडले आणि माझ्या पाठीवर हरीण उमटवलं. तिकीट तपासणारा बघतच राहिला. पुढे समुद्राकाठच्या स्टेशनावर खेकडा उमटला, मग किल्ला, मग तांबूस फळांनी लगडलेलं झाड. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदाच गुदगुल्या झाल्या.

पाचशे पायऱ्या ती न थांबता चढली. देवापुढे हात जोडून तिने मला पुढे केलं. पुजाऱ्यांनी मला उघडलं, उलटलं आणि हलकेच मिटलं.

"देवाच्या वहीत आगगाडीचे शिक्के? यात मला लिहिता येणार नाही, बाळ."

परतीच्या गाडीत संदुनीने मला पिशवीच्या तळाशी सारलं. वही हरवली असं सांगावं, हे तिच्या मनात आलं असावं. पण जरा वेळाने तिने मला बाहेर काढून मांडीवर घेतलं आणि घर येईपर्यंत रडत राहिली.

घरी येताच तिने सगळं सांगून टाकलं आणि खाली मान घालून बसली. आजीने मला उलटं करून हरणावरून बोट फिरवलं आणि हे कुठलं, असं विचारलं. मग खेकडा, मग किल्ला. संदुनी सांगत गेली आणि दोघींचा चहा निवून गेला. नकाशाच्या गोष्टीला आजी डोळे पुसत हसली.

"या सगळ्या स्टेशनांवरून आम्ही कितीदा गेलो गं. बाहेर पडलो की यांची पुढच्या देवळाची घाई. हे टेबल मी कधी पाहिलंच नाही."

"पण आजी, शेवटचं पान कोरंच राहिलं."

"तू तिथे हात जोडलेस ना? मग तूच लिही. तुझ्या अक्षरात."

संदुनीने सिंहली लिपीत देवळाचं नाव लिहिलं. गोल गोल, गुबगुबीत अक्षरं. आजीला त्यातलं एकही वाचता येईना.

"यांनाही नाही येणार," ती म्हणाली. "यांना मलाच विचारावं लागेल. आणि या खेपेला मी सांगेन."

मित्रांनो, आता मी खणात नसते, आजीच्या उशाशी असते. जपायची म्हणून एखादी वस्तू कोरी ठेवू नका, आणि तिच्यावर कोणाच्या हातून चुकून काही उमटलं, तर रागावण्याआधी ते कुठलं आहे एवढं विचारा. आजी रोज सकाळी मला उघडते आणि कांजीरोंना काय काय सांगायचं याची तालीम करते. सुरुवात ती दरवेळी हरणापासूनच करते.